प्रज्ञा लिहायची कशी?

तीन मुली घेऊ. एक पुण्याची, दुसरी भोपाळची, तिसरी मंगळूरची. तिघींचं नाव प्रज्ञा. शब्द एकच, अर्थ एकच, संस्कृतातलं मूळही एकच. पण रोमन लिपीत नाव लिहायची वेळ आली की पुण्याची प्रज्ञा मधे 'डी-एन-वाय' घालते, भोपाळची 'जी-वाय' आणि मंगळूरची 'जे-एन'. प्रत्येकीला उरलेल्या दोघींचं स्पेलिंग विचित्र वाटतं, आणि गंमत अशी की चुकलेली कुणीच नसते. आता यात गेल्या काही वर्षांतली भर मिसळा: सुरुवातीला दोन-दोन 'ए' असलेली नावं, कुठे कारण नसताना घुसलेला 'एच', कुठे शेवटी जोडलेलं एखादं मुकं अक्षर. मुलांच्या नावांची अशी स्पेलिंगं पाहिली की वडीलधारी माणसं 'हल्लीच्या आईबापांची हौस' म्हणून सोडून देतात. हौस असतेच, नाही असं नाही. पण चमत्कारिक दिसणाऱ्या बहुतेक स्पेलिंगांमागे एक साधा हिशेब असतो. तो समजला तर कुठलं स्पेलिंग सोयीचं, कुठलं गैरसोयीचं आणि कुठलं निव्वळ फुकटचं, हे ओळखता येतं.

पाहुणे बावन्न, पाट सव्वीस

राज्य शासनाने 2009 साली निश्चित केलेल्या मराठीच्या प्रमाण वर्णमालेत 52 वर्ण आहेत. रोमन लिपीत अक्षरं 26, म्हणजे बरोबर निम्मी. पंगतीला बावन्न पाहुणे आले आणि घरात पाट सव्वीसच असले, तर यजमान काय करील? एका पाटावर दोघांना बसवील. ट आणि त दोघेही 'टी'वर बसतात, ड आणि द 'डी'वर, ण आणि न 'एन'वर, ळ आणि ल 'एल'वर. काही पाहुण्यांसाठी तो दोन पाट जोडतो: थ साठी 'टी-एच', ध साठी 'डी-एच'. पण तेवढ्यात ठ येतो आणि त्यालाही तोच जोडपाट हवा असतो. म्हणून 'साठे' हे आडनाव रोमन लिपीत गेलं की परत येताना ते साठे आहे की साथे, हे कागद सांगू शकत नाही. ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं.

स्वरांची दाटी याहून मोठी. आपले स्वर चौदा, त्यांच्यासाठी रोमन अक्षरं पाच. 'ए' या एकट्या अक्षरावर अ बसतो, आ बसतो आणि कधीकधी ॲसुद्धा. त्यामुळे अनया आणि अनाया यांचं स्पेलिंग एकच होतं. त्यात मराठी उच्चाराची आणखी एक खोड आहे. 'राम' म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो, पण शेवटी जोडाक्षर असलं की गिळत नाही: आर्य, दिव्य, सौम्य. मग या नावांच्या शेवटी रोमन 'ए' लिहावाच लागतो आणि तो लिहिला की आर्य नावाचा मुलगा आणि आर्या नावाची मुलगी कागदावर एकच होतात. कृष्ण आणि कृष्णा यांचंही तेच. महाभारतात कृष्णा हे द्रौपदीचं नाव आहे, हे रोमन लिपीला समजावून सांगायची सोय नाही.

आता दोन 'ए'कडे पाहू. आरव, आद्या, आराध्या अशा नावांच्या सुरुवातीला 'ए' दोनदा लिहिण्याला फॅशन म्हणून हसण्याआधी तो काय काम करतो ते पाहायला हवं. पहिला स्वर अ नाही, आ आहे, एवढंच तो वाचणाऱ्याला सांगतो. म्हणजे ही डागडुजी आहे. कुणी म्हणेल, डागडुजी कसली, हजेरीपटावर मुलाचं नाव सगळ्यात वर यावं म्हणून ही युक्ती. तसा हेतू एखाद्याचा असेलही. पण तोच मुख्य असता तर अथर्व आणि अमेय यांच्या पालकांनीही दोन 'ए' लिहिले असते; ते सहसा लिहीत नाहीत. जिथे आ ऐकू येतो तिथेच अक्षर दुप्पट होतं. नावाच्या शेवटचा आ मात्र एकाच 'ए'वर भागवला जातो, कारण मुलीच्या नावाच्या शेवटी आ असणार हे वाचणारा धरूनच चालतो. चूक होण्याचा संभव जिथे जास्त, तिथेच टाका घातलेला दिसतो.

हे सगळं वाचून देवनागरीचा फार अभिमान वाटायला लागला असेल तर जरा थांबावं. जाधवांचा ज आणि जयंतचा ज एकसारखे उच्चारून पाहा. तसंच चव्हाणांचा च आणि चंद्रकांतचा च. मराठीत हे ध्वनी वेगळे आहेत आणि देवनागरीत त्यांना वेगळी अक्षरं नाहीत. इथे आपलीही लिपी वाचणाऱ्याच्या कानावर विसंबते. कुठलीच लिपी ध्वनी पुरता पकडत नाही. प्रश्न फक्त किती सांडतं याचा असतो.

साहेबांची दोन घराणी

मीरा हे नाव रोमन लिपीत कुणी दोन 'ई' घालून लिहितं, कुणी एकच 'आय' घालून. पूजामध्ये कुणी दोन 'ओ' लिहितं, कुणी एक 'यू'. दोन्ही रूढ आहेत आणि दोघांची घराणी सव्वादोनशे वर्षांमागे जाऊन भिडतात.

पहिलं घराणं सर विल्यम जोन्स यांचं. 1784 साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या या न्यायाधीशाने आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर निबंध लिहिला आणि तो सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या 1788 च्या पहिल्याच खंडात आला. स्वरांच्या बाबतीत इंग्रजांची नव्हे, तर इटालियन लोकांची चाल धरावी असं त्याचं मत होतं: 'आय' म्हणजे इ, 'यू' म्हणजे उ, 'ए' म्हणजे अ किंवा आ. दुसरं घराणं जॉन गिलख्रिस्ट याचं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो 1800 पासून कंपनीच्या पोरसवदा साहेबांना हिंदुस्तानी शिकवी. इंग्रज माणसाला पाहताक्षणी वाचता आलं पाहिजे, हा त्याचा खाक्या. म्हणून ई साठी दोन 'ई', ऊ साठी दोन 'ओ' आणि अ साठी 'यू'. त्या काळच्या इंग्रजी कागदांत असंच कानाने टिपलेलं लेखन जागोजागी दिसतं. सती, ठग, पंजाब यांच्या जुन्या इंग्रजी रूपांत अ च्या जागी 'यू' आहे तो याच सवयीतून. आणि पुरीच्या जगन्नाथाचं तर 'जगरनॉट' झालं आणि त्याच रूपात तो इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला.

सरकारी मैदान जोन्सच्या घराण्याने मारलं. विल्यम हंटर या अधिकाऱ्याकडे देशभराच्या गॅझेटियरचं काम आलं, तेव्हा गावांची नावं लिहायला त्याने जोन्सचीच रीत सोपी करून घेतली. तिला हंटरची पद्धत म्हणतात आणि आजही सरकारी नकाशांवर मुख्यतः तीच चालते. तिच्यात दीर्घ स्वरावर एक छोटी खूण करायची असते. पण कारकुनाला खूण करायचा कंटाळा, टंकलेखन यंत्रावर खुणेची कळ नाही. खूण गळाली, उघडं अक्षर उरलं. मग एकटा 'आय' दिनेशमधला ऱ्हस्व इ दाखवतो की दीपामधला दीर्घ ई, हे कळेनासं झालं. ज्यांना आपल्या मुलीचं दीर्घपण जपायचं होतं त्यांनी सरकारी पद्धत बाजूला ठेवून गिलख्रिस्टचे दोन 'ई' उचलले. म्हणून आज एकाच घरात थोरल्या बहिणीच्या नावात दोन 'ई' आणि धाकटीच्या नावात 'आय' असू शकतो. घराणं कुणी जाणून निवडलेलं नसतं. शाळेत नाव घालताना फॉर्म भरणाऱ्याच्या हाताला जे वळण असेल ते नशिबी येतं.

'एच' नेमका कुणाचा?

महाराष्ट्रातल्या माणसाला दक्षिणेतल्या सविता आणि गीता यांच्या स्पेलिंगातला 'एच' खटकतो. तो 'सविथा', 'गीथा' वाचतो आणि हसतो. पण तिकडचा हिशेब पाहिला तर तो आपल्यापेक्षा जास्त नेटका निघतो. तमिळमध्ये थ आणि ठ यांना वेगळी अक्षरं नाहीत. म्हणजे 'टी-एच' हा जोडपाट तिकडे रिकामाच होता. त्यांनी तो त ला दिला आणि सुटा 'टी' ट साठी राखला. त आणि ट यांतला फरक आपण रोमन लिपीत पूर्ण गमावला, त्यांनी तो टिकवला. हसायचंच असेल तर कुणी कुणाला हसावं हा प्रश्नच आहे.

गोव्यात तिसराच कारभार. तिथे रोमन लिपी आली ती पोर्तुगिजांबरोबर. पोर्तुगीज लेखनात 'एक्स' हा श साठी वापरतात, आणि 'के' व 'डब्ल्यू' ही अक्षरं त्यांच्या जुन्या वर्णमालेत जवळजवळ परकीच. म्हणून कामत 'सी'ने सुरू झाला, नाईकच्या शेवटी 'क्यू-यू-ई' आलं आणि केपें गावाच्या सुरुवातीलाच 'क्यू' बसला. शिवोली, साखळी, डिचोली यांच्या रोमन रूपांच्या शेवटी जो 'एम' दिसतो तो म नव्हे, तो नाकातला अनुस्वार. हे ठाऊक नसलेला मुंबईकर पाटी वाचून 'सिओलिम', 'बिचोलिम' असं खणखणीत म्हणतो आणि आपण काय बिघडवलं याचा त्याला पत्ताही नसतो. रोमन लिपीतल्या कोकणीत श साठी 'एक्स' अजून चालतो. मराठी माणूस मात्र तोच 'एक्स' लक्ष्मी आणि दीक्षित यांच्यातल्या क्ष साठी वापरतो.

आपल्याकडच्या व चा प्रश्न जरा मजेशीर आहे. आपला व इंग्रजीच्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्या अधेमधे कुठेतरी पडतो. वाई, वर्धा, वडाळा, वाघोली 'डब्ल्यू'ने; विरार, विटा, वेंगुर्ला 'व्ही'ने. पुढे अ किंवा आ असेल तर ओठ सैल राहतात आणि कानाला 'डब्ल्यू' भासतो. पुढे इ किंवा ए असेल तर 'व्ही'. नियम हाती लागला म्हणेपर्यंत वसई आणि वाशी 'व्ही' घेऊन उभ्या राहतात. ऋ चीही तशीच वाटणी. संस्कृतातला मूळ ऋ मराठीने रु केला, हिंदीने रि. म्हणून आपली अमृता 'यू'ने आणि दिल्लीची 'आय'ने. ऋचाचं आणि कृपाचंही तेच. स्पेलिंगवरून माणसाचा प्रांत ओळखता येतो तो असा.

[चौकट] एका ज्ञ चे चार चेहरे
ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांचं जोडाक्षर. हा मूळ उच्चार आज जवळपास कुणीच करत नाही. मराठीत तो 'द्न्य' झाला, म्हणून रोमन लिपीत 'डी-एन-वाय'. हिंदीत 'ग्य', म्हणून 'जी-वाय'. गुजरातीत 'ग्न', म्हणून 'जी-एन'. दक्षिणेकडे आणि संस्कृतच्या अभ्यासकांत मूळ घटक जपून 'जे-एन'. ज्ञानेश्वरांचं नाव इंग्रजी पुस्तकांत यांतल्या किमान तीन रूपांत सापडतं, म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना तिन्ही घालून पाहावीत.

इंग्रजी डोळ्याने वाचलेली आडनावं

आणखी एक अडचण लिपीची नाही, शेजारच्या भाषेची आहे. रोमन अक्षरं दिसली की जगातला बराचसा वाचक ती इंग्रजी समजून वाचतो, आणि इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'ई' बहुधा मुका असतो. आपली तर निम्मी आडनावं ए ने संपतात. मग मोरे 'मोअर' होतात, दाते 'डेट', काळे 'केल' नावाची पालेभाजी, गोरे रक्तबंबाळ 'गोअर'. साने तेवढे सुदैवी. त्यांचं 'सेन' होतं, म्हणजे शहाणे. ठाकरे या आडनावाच्या रूढ स्पेलिंगात शेवटी 'ए-वाय' आहे, त्यामुळे तो ए मुका होत नाही. हेच स्पेलिंग 1811 साली कलकत्त्यात जन्मलेल्या विल्यम थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराचंही आहे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या नावांत पालक जे फेरफार करतात ते बरेचदा याच डोळ्याला वळण लावण्यासाठी असतात. ते मराठी नजरेला बोचतात, पण तिथल्या शिक्षिकेच्या तोंडून नाव नीट निघावं म्हणून ते केलेले असतात, आणि ही गरज मला तरी पूर्ण रास्त वाटते.

मुक्या अक्षरांचा जमाखर्च

इथवर पाहिलेलं प्रत्येक विचित्र स्पेलिंग कुठल्या ना कुठल्या ध्वनीसाठी झगडत होतं. अंकशास्त्रावरून ठरवलेलं स्पेलिंग या ओळीत बसत नाही. तिथे प्रत्येक रोमन अक्षराला एक अंक देतात, नावातल्या अक्षरांची बेरीज करतात, बेरजेतले आकडे पुन्हा मिळवून एक अंक काढतात आणि तो 'लाभदायक' नसेल तर नावात अक्षर घालतात किंवा काढतात. उच्चार तर बदलायचा नसतो. मग घालायला अक्षर कुठलं मिळणार? जे वाचताना ऐकू येणार नाही तेच: दुसरा 'ए', शेवटचा 'ई', मधला 'एच', किंवा एखादं व्यंजन दोनदा. फुकटच्या अक्षरांचं हे सगळं पीक इथलं.

या हिशेबाला हिशेब म्हणूनच तपासू. दोन कोष्टकं जास्त चालतात. एक पायथागोरसच्या नावावर खपतं. त्यात 'ए'ला 1, 'बी'ला 2 असं करत 'आय'ला 9 आणि पुन्हा 'जे'पासून 1. दुसऱ्याला खाल्डियन म्हणतात आणि ते कीरो या टोपणनावाने लिहिणाऱ्या आयरिश भविष्यवेत्त्याच्या पुस्तकामुळे पसरलं. त्याचं खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर, जन्म 1866 चा. त्याच्या कोष्टकात कुठल्याच अक्षराला 9 नाही. आता अमित हे चार रोमन अक्षरांचं नाव घ्या. पहिल्या कोष्टकाने 1, 4, 9 आणि 2 मिळून 16, म्हणजे 7. दुसऱ्याने 1, 4, 1 आणि 4 मिळून 10, म्हणजे 1. एकच मुलगा एका कोष्टकात सातवाला, दुसऱ्यात एकवाला. शेवटी आणखी एक 'टी' जोडला की पहिल्यात 9 येतो, दुसऱ्यात 5. ज्याचा निकाल कोष्टक बदलताच बदलतो, तो मुलाच्या भाग्याबद्दल काही सांगत असेल यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

यावर 'आमच्या परंपरेत नावाला महत्त्व आहेच की' असं उत्तर मिळतं. आहेच. पण त्या परंपरेचा आधार ध्वनी आहे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतात, त्यात 27 नक्षत्रं आणि प्रत्येकाचे 4 चरण मिळून 108 जागा होतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. ही तोंडाने उच्चारायची अक्षरं आहेत. बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते ते कानातच सांगते. त्यात 'ए' किती आणि 'टी' किती हा प्रश्नच उद्भवत नाही. अक्षरांना अंक देण्याची कटपयादी नावाची अस्सल भारतीय पद्धतही होती, पण तिच्यात श्लोकांत आकडे दडवून पाठ करीत. गणितज्ञांनी ती वापरली, कर्नाटक संगीतातल्या मेळांचे क्रमांकही तिच्यावर बेतले गेले. कुणाचं नशीब काढायला ती नव्हती.

तरीही एक बाजू मांडली पाहिजे. आईवडिलांच्या मनाला स्वस्थता मिळते, कुणाचं काही बिघडत नाही, मग हरकत काय? फिल्मी दुनियेत ही हौस खपून जाते, कारण पडद्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असू शकतं. शाळेत जाणाऱ्या मुलाला अशी दोन नावं परवडत नाहीत. बिघडतं ते कुठे, ते आता पाहू.

यंत्राला ऐकू येत नाही

पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत 44 जागा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिथे फक्त रोमनची 26 मोठी अक्षरं, दहा अंक आणि रिकामी जागा भरणारं एक कोनासारखं चिन्ह एवढंच चालतं. खुणा, मात्रा, टिंबं काही नाही. वरच्या ओळीत सुरुवातीच्या 5 जागा प्रकाराला आणि देशाला जातात, नावाला उरतात 39. समजा एका मुलीचं पूर्ण नाव ज्ञानेश्वरी शर्मिष्ठा चंद्रशेखर देशपांडे आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही घालायचं असतं, त्यामुळे अशी चार पदं आता नेहमीचीच होतील. देवनागरीत ही 16 अक्षरं. रोमन लिपीत 46, आणि मधल्या कोनांसह 50. एवढी पदं पासपोर्टवर घातली तर ती 39 मध्ये मावत नाहीत. यंत्राच्या ओळीत काटछाट होते. ज्या लिपीत जागेची अशी टंचाई, तिथे मुकं अक्षर ही चैन आहे.

खरी पंचाईत जुळणीची. माणसाला 'वैद्य' हे आडनाव 'व्ही'ने लिहा किंवा 'डब्ल्यू'ने, दोन्ही एकच वाटतात. संगणकाला ती दोन वेगळी माणसं. यावर उपाय शोधायचा प्रयत्न शंभर वर्षांमागे झाला होता. रॉबर्ट रसेल या अमेरिकी गृहस्थाने 1918 साली एका युक्तीचं पेटंट घेतलं, तिचं पुढे नाव पडलं साउंडेक्स. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे स्वर आणि 'एच', 'डब्ल्यू', 'वाय' गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना त्यांच्या उच्चारस्थानावरून 1 ते 6 यांपैकी अंक द्यायचा, किराणा दुकानदार गूळ, साखर, काकवी एकाच फळीवर ठेवतो तसा. तीन अंक पुरे होत नसतील तर शून्यं भरायची. जनगणनेच्या याद्यांत सारख्या आवाजाची नावं शोधायला अमेरिकेत ही पद्धत वापरली गेली. मराठी नावं तिच्यात घालून पाहिली की काय होतं? मीना आणि मोहन दोघांचाही संकेत 'एम-500' येतो; यंत्राच्या कानाला ते एकच. वैद्य मात्र एकदा 'व्ही-300' आणि एकदा 'डब्ल्यू-300' होतात, कारण पहिलं अक्षर बदलायचंच नाही. पुण्याची प्रज्ञा 'पी-635', भोपाळची 'पी-620'. इंग्रजी कानासाठी शिवलेला सदरा मराठी अंगाला येत नाही. नवी सॉफ्टवेअरं याहून हुशार आहेत, पण बँक, विमानतळ, परीक्षा मंडळ यांच्या खिडकीवर अजूनही बहुधा अक्षराला अक्षर जुळावं लागतं.

आणि मग येतो सगळ्यात वाईट फेरा. आधार कार्डावर नाव दोन लिप्यांत असतं. एका लिपीत टंकलं की दुसऱ्या लिपीतलं रूप सॉफ्टवेअर सुचवतं आणि समोरच्या माणसाने ते तपासायचं असतं. तपासणाऱ्याची नजर चुकली, तर 'डी-एन-वाय' परत देवनागरीत येताना 'प्रद्न्या' होऊन येतं. रोमन लिपीसाठी केलेली तडजोड मूळ नावालाच खाते. द्न्यानेश्वर, यद्न्येश अशी रूपं पाट्यांवर आणि याद्यांत दिसतात ती याच फेऱ्याची. जादा 'ए' किंवा 'एच' असेल तर हा फेरा आणखी वेडावाकडा होतो, कारण यंत्र मुकं अक्षरही इमानदारीने वाचतं.

मग सरकारने ठरवून द्यावं?

हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. एकच पद्धत कायद्याने लागू केली की सगळे प्रश्न मिटतील, असं वाटतं. आइसलँडमध्ये 1991 पासून नावांची समितीच आहे. नाव आइसलँडिक वर्णमालेत बसलं पाहिजे आणि त्या भाषेच्या विभक्तींत चाललं पाहिजे, हे ती पाहते. 'सी', 'क्यू', 'डब्ल्यू' त्या वर्णमालेत नाहीत. तिथे ते जमतं, कारण देश लहान, भाषा एक आणि वर्णमाला तिची स्वतःची. तुर्कस्तानातही 1928 च्या लिपिकायद्याने ठरलेल्या वर्णमालेत 'क्यू', 'डब्ल्यू' आणि 'एक्स' नव्हती. कुर्दी भाषेत ती लागतात. परिणाम असा की कुर्दी आईबापांना आपल्या मुलांची नावं आपल्या स्पेलिंगने नोंदवता येईनात, आणि त्या अक्षरांवरची बंदी उठवण्याची घोषणा व्हायला 2013 उजाडलं. ज्ञ चे चार चेहरे आणि ऋ चे दोन असलेल्या देशात एकच स्पेलिंग सक्तीचं करायचं, तर प्रज्ञाला 'जी-वाय' लावायचं की 'डी-एन-वाय' हे दिल्लीत ठरेल. ते मला नको आहे.

तांत्रिक उपायही आहे. भारतीय लिप्यांसाठी 2001 साली आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं. त्यात टिंबं आणि आडव्या रेघा वापरून ट आणि त, ळ आणि ल, अ आणि आ सगळे वेगळे दाखवता येतात. संशोधक ते वापरतात. पण पासपोर्टच्या त्या दोन ओळींत टिंबं, रेघा गळतात आणि आपण हंटरच्या कारकुनापाशी परत येतो. सक्तीपेक्षा अंमलबजावणीतला एक छोटा बदल जास्त उपयोगी पडेल: देवनागरीतलं नाव मूळ मानायचं, रोमन रूप पालकांनी दिलेलं जसंच्या तसं ठेवायचं, आणि एकातून दुसरं यंत्राने बनवणं बंद करायचं.

राहता राहिला वेगळेपणाचा मुद्दा. मुलाचं नाव शंभरांत उठून दिसावं, ईमेलचा पत्ता सहज मिळावा, म्हणून अक्षर बदलणारे पालक आहेत. मराठी माणसाच्या नावामागे वडिलांचं नाव, आता आईचंही, आणि आडनाव असं सगळं येतं. दोन सारखी पूर्ण नावं मुळातच कमी. ईमेलच्या पत्त्यासाठी नावाच्या पुढे एखादा आकडा लावता येतो. तेवढ्यासाठी आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर 'दोन 'ए', मग 'एच', शेवटी 'ई' नाही' असं म्हणत बसणं हे फार महाग पडतं, आणि ती किंमत नाव ठेवणारा मोजत नाही, नाव वागवणारा मोजतो.

फॉर्म भरण्याआधी

स्पेलिंग ठरवताना ते कागदावर लिहून अशा माणसाला द्या, ज्याने ते नाव कधी ऐकलेलं नाही, आणि मोठ्याने वाचायला सांगा. शक्य तर एक वाचणारा मराठी, एक परप्रांतीय असा घ्या. दोघांच्या तोंडून नाव ओळखीचं निघालं तर ते स्पेलिंग चांगलं, मग दिसायला ते कितीही तऱ्हेवाईक असो. अक्षर काढून टाकल्यावरही वाचन तेच राहत असेल तर ते अक्षर काढाच.

महाराष्ट्रात जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मिळतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सगळ्या कामांना तोच जन्मतारखेचा आधार आहे, म्हणून त्यावरच्या दोन्ही ओळी सही करण्यापूर्वी अक्षर-अक्षर तपासा. घाई करायचं कारण नाही: जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत नाव घालायला शुल्क पडत नाही.